नोकरीचा करार : बोली, कागद आणि कायदा



गुढीपाडवा जवळ आला म्हणजे वऱ्हाडांत सालदारांच्या बोलीला सुरुवात होते. अचलपूर तालुक्यांतील एखाद्या संत्र्याच्या बागाईतदाराच्या ओसरीवर धनी आणि सालदार समोरासमोर बसतात. वर्षाचे रुपये किती, ज्वारी किती, उचल किती, सुट्या किती, हें घासाघीस करून ठरतें. चार माणसें साक्षीला असतात, आणि पाडव्यापासून नवें साल लागतें. कागद नसतो, वकील नसतो. तरीही हा करारच आहे. १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें उभयतांची खुषीची संमति असावी, दोघेही सज्ञान असावे, मोबदला आणि हेतु कायदेशीर असावे. एवढ्या गोष्टी जुळल्या कीं करार झाला. तो कागदावरच हवा, असा सर्वसाधारण दंडक त्या कायद्यांत नाहीं.

ह्याच ओसरीवर वाढलेला मुलगा पदवी घेऊन पुण्यास किंवा मुंबईस नोकरीला लागतो, तेव्हां त्याच्या हातीं दहाबारा पानांचें छापील इंग्रजी पत्र येतें. 'येथें सही करा' म्हटलें कीं तो सही करतो. बोलीच्या बैठकींत एकेका पायलीसाठीं तासभर बोलणारें घर छापील कागदापुढें मात्र गप्प बसतें. नोकरी मिळाल्याचा आनंद मोठा असतो, हें खरें; परंतु त्या कागदांतील एखादें कलम पुढील तीन वर्षें त्या घराच्या मिळकतीवर बोजा होऊन बसूं शकतें. म्हणून त्या कागदांत काय असतें, आणि त्याच्या डोक्यावर कोणता कायदा असतो, हें घरांतील वडील मंडळींनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

करार ह्या शब्दाची कामकऱ्याला एके काळीं खरोखरीच धास्ती होती. १८५९ मध्यें ब्रिटिश सरकारनें कामगारांच्या करारभंगाचा कायदा केला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्यास मॅजिस्ट्रेट एक तर पैसे परत करावयास सांगे, नाहीं तर काम पुरें करावयास लावी. हुकूम न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होती. मालकानें करार मोडला तर त्यास मात्र ह्या कायद्याखालीं तुरुंग नव्हता. सहासष्ट वर्षांनीं, १९२५ मध्यें, तो कायदा रद्द झाला. नोकरी मधेंच सोडणें हा आज गुन्हा नव्हे. झालीच तर ती दिवाणी बाब आहे. 'पोलिसांत देऊं' ही धमकी केवळ राजीनाम्यासाठीं कोणी देत असेल, तर तिच्यामागें कायदा नाहीं. तसेंच उचलीच्या फेडीसाठीं माणसाला बांधून ठेवण्याची वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत काम घेणें ही घटनेच्या तेविसाव्या कलमानें निषिद्ध ठरलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८२ मध्यें दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणीं दिला.

येथें एक मुख्य तत्त्व ध्यानांत येतें. घराला जसें जोतें, तसा नोकरीच्या कराराला कायदा. जोत्याच्या वर मजले चढवावे, जोत्याखालीं घर बांधतां येत नाहीं. कायद्यानें ठरविलेल्या किमान वेतनापेक्षां, रजेपेक्षां, भरपाईपेक्षां अधिक देण्याचा करार चालतो. कमी देण्याचा करार नोकरानें राजीखुषीनें सही केलेला असला तरी त्या कमीपणापुरता चालत नाहीं.

हें जोतें वऱ्हाडांत निरनिराळ्या सरकारांनीं घातलें. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्यें निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेला, १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा भाग झाला. राज्य बदललें तसा नोकराचा कायदाही बदलत गेला. मुंबईच्या गिरणगांवांत १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्याच सुमारास वऱ्हाडांतील गिरणीकामगारांसाठीं मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारचा १९४७ चा औद्योगिक तंटे निवारण कायदा होता. मुंबईचा कायदा विदर्भास लागू झाला तो १९६५ मध्यें. धोटा तोच, सूत तेंच. परंतु मुंबईच्या आणि अचलपूरच्या विणकऱ्याचा तंटा अनेक वर्षें वेगवेगळ्या कायद्यांनीं सुटत होता.

ह्या कायद्यांनीं आणि १९४६ च्या केंद्रीय कायद्यानें एक मोठी सुधारणा केली, ती स्थायी आदेशांची. कामाच्या वेळा, पाळ्या, रजा, गैरवर्तन कशास म्हणावें, चौकशी कशी करावी, कामावरून कमी कसें करावें, हे नियम मालकानें लिहून मंजूर करून घ्यावे आणि कामगारांना वाचतां येतील असे लावावे, असें ठरलें. म्हणजे गिरणीकामगाराच्या करारांतील बरींच कलमें त्याच्या नेमणुकीच्या कागदावर नसून त्या मंजूर नियमांत असत. हे नियम मालकाला एकतर्फी मोडतां येत नसत. सही केलेला कागद हाच सगळा करार, अशी समजूत त्यामुळें चुकीची ठरते.

कागदावरील एखादा शब्द किती भारी पडतो, ह्याचा अनुभव अचलपूरला आहे. येथील विदर्भ मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यानें सरकारकडे गेली. पुढें राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें मुंबईची फिनले मिल अचलपुरांत आणली. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि गिरणीचें काम थांबलें. त्यानंतर वेतनासाठीं आणि गिरणी पुन्हां चालू व्हावी म्हणून कामगारांनीं आंदोलनें केलीं. अशा प्रसंगीं पहिला प्रश्न असा येतो कीं, काम थांबलें म्हणजे नोकरी संपली काय? कायद्याचें उत्तर 'नाहीं' असें आहे. काम न देणें ही एक गोष्ट, कामगारकपात ही दुसरी आणि कारखाना कायमचा बंद करणें ही तिसरी. प्रत्येकीची रीत आणि भरपाई निराळी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत तात्पुरतें काम नसलेल्या कामगारास मूळ वेतन आणि महागाईभत्ता मिळून होणाऱ्या रकमेचा निम्मा भाग भरपाई म्हणून देण्याची तरतूद होती. परंतु 'बदली' आणि नैमित्तिक कामगार तींतून वगळले होते. एक वर्ष सलग सेवा झाल्यावर मात्र बदली कामगार हा बदली राहत नाहीं, असा खुलासा त्याच कलमाला जोडलेला होता. आणि बारा महिन्यांत दोनशें चाळीस दिवस काम झालें असतां सलग वर्ष भरलें असें मानीत. ज्या घरांत हजेरीपत्रकाच्या आणि पगारपत्रकाच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असतील, त्या घराला हे दिवस मोजून दाखवितां येतात. ज्या घरांत त्या रद्दींत गेल्या, त्या घराला केवळ शब्द देतां येतो.

वर्षानुवर्षें माणूस कामावर ठेवावयाचा आणि कागदावर तो 'बदली' किंवा 'तात्पुरता'च राखावयाचा, ही युक्ति जुनी आहे. महाराष्ट्र विधिमंडळानें १९७१ च्या कायद्यांत, कायमपणाचे हक्क मिळूं नयेत ह्या हेतूनें असें करणें ही अनुचित कामगार प्रथा ठरविली. राज्य परिवहनाच्या गाड्या धुणाऱ्या रोजंदारी कामगारांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें ह्याच कायद्याचा आधार मान्य केला. केंद्राच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंतही हें तत्त्व कायम आहे.

आतां शहरांतील नोकरीच्या पत्राकडे वळूं या. त्यांत हल्लीं दोन कलमें हमखास आढळतात. एक असें कीं, नोकरी सोडल्यावर अमुक वर्षें त्याच धंद्यांतील दुसऱ्या पेढीकडे काम करूं नये. करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानें कायदेशीर धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. नोकरी चालू असतांना मात्र हें बंधन वाजवी असूं शकतें. कल्याणच्या रेयॉन कारखान्यांतील एक पाळी-पर्यवेक्षक पांच वर्षांच्या करारावर होता. शिकवणी घेऊन तो मधेंच दुसऱ्या कारखान्यांत गेला, तेव्हां कराराची मुदत संपेपर्यंतचा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयानें १९६७ मध्यें योग्य ठरविला. नोकरी संपल्यानंतरच्या बंधनास मात्र न्यायालयानें पुढें १९८० मध्यें आधार दिला नाहीं. मालकाचीं गुपितें फोडण्याची मुभा ह्यानें मिळते असें नव्हे. गुपित राखण्याची जबाबदारी निराळी आहे.

दुसरें कलम असें कीं, अमुक वर्षांच्या आंत नोकरी सोडल्यास अमुक लाख रुपये भरावे. हें कलम सर्रास रद्दबातल आहे असें कित्येक जण सांगतात, तें खरें नाहीं. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्यानें तीन वर्षें पुरीं होण्याआधीं नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये भरले होते. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें तें कलम वैध ठरविलें. सार्वजनिक बँकेला नवी भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन करावी लागते, तींत वेळ आणि पैसा जातो, हें न्यायालयानें लक्षांत घेतलें. तथापि करार कायद्याच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाप्रमाणें करारांत लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. वाजवी भरपाई तिच्या आंतच बसली पाहिजे. सही करण्यापूर्वींच त्या रकमेचा विचार व्हावा, तो ह्यासाठीं. मूळ प्रमाणपत्रें तारण म्हणून मागितलीं गेल्यास नकला द्याव्या आणि मूळ कागद दाखवून परत घ्यावे.

शिक्षकांच्या घरांना उपयोगी असा एक राज्य कायदा आहे, तो खासगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्तींचा, १९७७ चा. रुजू होतांनाच तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेण्याची अनिष्ट रीत कांहीं ठिकाणीं असे. ह्या कायद्याच्या सातव्या कलमांत राजीनाम्याची रीतच सांगितली आहे : पत्राच्या दोन प्रती कराव्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक रजिस्टर टपालानें संस्थेस पाठवावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी. नोकरीवरून काढल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आंत अपील करावें लागतें. हे तीस दिवस विनवण्या करण्यांत निघून जाऊं नयेत, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलांत आल्या आणि एकूणतीस जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतील तीन गोष्टी प्रत्येक घरानें टिपून ठेवाव्या. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेंत नेमणुकीचें पत्र देणें मालकावर बंधनकारक झालें. राजीनामा दिल्यावर किंवा कामावरून काढल्यावर देणें असलेलें वेतन कामाच्या दोन दिवसांच्या आंत चुकतें करावयाचें आहे. ठराविक मुदतीच्या नोकरास उपदान मिळण्यास पूर्वींप्रमाणें पांच वर्षें थांबावें लागत नाहीं. एक वर्षाच्या सेवेनंतर तें प्रमाणशीर मिळतें. परंतु औद्योगिक संबंध संहितेंतील 'कामगार' ह्या व्याख्येंत व्यवस्थापक बसत नाहींत, आणि महिना अठरा हजारांहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षकही बसत नाहीं. असा नोकर कामावरून निघाला तर त्याला बहुधा नुकसानभरपाईचा दावा करावा लागतो. खासगी मालकावर 'ह्याला पुन्हां कामावर घ्या' असा हुकूम दिवाणी न्यायालय सहसा देत नाहीं. म्हणून ज्याचा हुद्दा मोठा, त्यानें कागद अधिक बारकाईनें वाचावा.

नेमणुकीचें पत्र हातीं पडलें म्हणजे सही करण्यापूर्वीं तें एक रात्र घरीं आणावें. घरांतील जाणत्या माणसानें तें मराठींत मोठ्यानें समजावून सांगावें. मालक म्हणून कोणाचें नांव आहे, पेढीचें कीं मधल्या कंत्राटदाराचें, तें पहावें. हुद्द्यापुढें कायम, उमेदवार, बदली, मुदतीचा ह्यांपैकीं कोणता शब्द आहे, मूळ वेतन किती आणि भत्ते किती, नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच आहे कीं नाहीं, मुदतीपूर्वीं सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल, हीं पांच उत्तरें एका कागदावर उतरून काढावीं. एखादी अट खटकल्यास ती सौम्य शब्दांत, लेखी विचारावी. तोंडी दिलेलीं आश्वासनें पत्राच्या रूपानें मागून घ्यावीं. सही केलेली प्रत, पगारपत्रकें आणि हजेरीचे पुरावे एका फाइलींत ठेवावे. ती फाइल घराच्या खरेदीखताजवळ ठेवली तरी वावगें होणार नाहीं. जमिनीच्या खरेदीपूर्वीं सातबारा पाहिल्यावांचून कोणी इसार देत नाहीं. नोकरींत तर माणूस आपल्या आयुष्याचीं वर्षें देत असतो; तेथेंही तेवढीच चौकशी करणें हें धन्यावरील अविश्वासाचें लक्षण नसून शहाण्या गृहस्थाचें कर्तव्य आहे.