गोठ्याची राखण
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात निफाड येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचे सत्कार होतात, वधूवरांची चर्चा होते. ते योग्यच आहे. परंतु गोदा-कादवेच्या काठी पुष्कळांचा संसार गोठ्यावरही उभा आहे. द्राक्षे वा कांदा हातचा गेला, त्या वर्षी दुधाचा पैसाच घर चालवितो. म्हणून जनावरांच्या लसीकरणाविषयी चार शब्द बोलतो.

बुळकांडी हे नाव आजच्या तरुणांस ठाऊक नाही, हाच लसीचा विजय होय. या रोगाने एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडले. १९५४ साली देशात निर्मूलनाची योजना सुरू झाली. १९९५ नंतर भारतात हा रोग आढळला नाही. आणि २०११ साली सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मानवाने लसीच्या बळावर पृथ्वीवरून समूळ नाहीसे केलेले रोग दोनच: देवी आणि बुळकांडी.

पण म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि शेळ्यांच्या देवीवरील लस गाईबैलांस टोचावी लागली. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. साथ वेशीत आल्यावर धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेच होय.

काहीजण म्हणतात, लाळ्या-खुरकुताची लस टोचली की दूध आटते. दोन-चार दिवस दूध किंचित कमी होते, हे खरे. परंतु तो रोग झाल्यास तोंडात व खुरांत फोड येतात, बैल ऐन पेरणीत बसतो, आणि गाईचे दूध पुष्कळदा पूर्ववत होत नाही. कोणता तोटा पत्करावा, हे व्यवहारी माणसास सांगावयास नको. ही लस दर सहा महिन्यांनी, आणि घटसर्प व फऱ्याची पावसाळ्यापूर्वी घ्यावी. जनावर आजारी किंवा गाभण असेल, तर पशुवैद्यकास आधी सांगावे.

बंधूंनो, एका हौदावर साऱ्या गावाची गुरे पाणी पितात. माशी आणि गोचीड मालकाची ज्ञाती विचारीत नाहीत. एक गोठा वगळला, तर शेजारचे दहा धोक्यात येतात. म्हणून संघाच्या कार्यकर्त्यांनी लसीकरणाच्या आदल्या दिवशी आपल्याच नव्हे, तर गावातील प्रत्येक घरी जाऊन वर्दी द्यावी. ज्ञातीची खरी प्रतिष्ठा अशा सेवेनेच वाढते.