मेकॅनिकला फोन करण्याआधी

सांगवीच्या आम्ही बायका आज तुमच्याशी फ्रीजबद्दल बोलणार आहोत. उन्हाळा तोंडावर आलाय. दुपारी पारा चाळिशीला टेकला की नेमका तेव्हाच फ्रीज रुसतो. संध्याकाळचं दूध नासतं, विरजण आंबून जातं, आणि ज्या घरात आजी-आजोबांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, तिथं तर जिवाला घोर लागतो. मेकॅनिक बारामतीहून नाहीतर फलटणहून यायचा. आज येतो म्हणतो आणि परवा उगवतो.

आमचं सांगणं एवढंच, की फ्रीज थंड होईना म्हणजे तो बिघडलाच असं नाही. काही गोष्टी आपल्या आपण बघता येतात, त्याला पैसा लागत नाही. काही गोष्टींना मात्र आपण हात लावायचाच नाही. ही रेघ ओळखता आली की पैसेही वाचतात आणि जीवही.

आधी फ्रीज काय करतो ते समजून घेऊ. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. म्हणून जुन्या फ्रीजची मागची काळी जाळी गरम लागते. नव्या फ्रीजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, त्यामुळे बाजू गरम लागल्या तर घाबरू नका. पण ही उष्णता बाहेर पडायला वाट पाहिजे. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला, वर गोधड्या रचल्या, शेजारी शेगडी असली, तर तो दिवसभर धापा टाकतो. मागं आणि बाजूला वीतभर नाही तरी चार-पाच बोटं जागा सोडा. जाळीवर धूळ बसली असेल तर प्लग काढून कोरड्या ब्रशनं झाडा. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्याची काजळी घरभर उडते. ती ह्या जाळीवरही बसते.

आता एकेक तक्रार घेऊ.

फ्रीज अजिबात चालू होत नाही. दार उघडून आतला दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला नाही तर दोष फ्रीजचा नाही, सॉकेटचा किंवा मीटरजवळच्या खटक्याचा आहे. स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा दिवा बघा. वीज गेल्यावर काही स्टॅबिलायझर दोन-तीन मिनिटं थांबूनच फ्रीज सुरू करतात. ते बरोबरच आहे. कॉम्प्रेसर थांबल्या थांबल्या परत सुरू केला तर आतल्या वायूचा दाब त्याला उचलत नाही. म्हणून प्लग काढला की पाच मिनिटं थांबूनच परत लावा.

दिवा लागतो, पण मागून दर दोन-चार मिनिटांनी ‘टक्’ आवाज येतो आणि फ्रीज सुरू होत नाही. ह्याचं पहिलं कारण कमी व्होल्टेज. घरात 230 व्होल्ट यायला पाहिजेत. मळ्यातल्या वस्तीवर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवे मिणमिणतात, तेव्हा कॉम्प्रेसरलाही जोर मिळत नाही. तसं असेल तर प्लग काढा आणि वीज सुधारल्यावर लावा. वीज चांगली असूनही ‘टक् टक्’ चालूच राहिलं तर मेकॅनिकला बोलवा. पण त्याला सांगा, की आधी रिले आणि ओव्हरलोड तपास. हे दोन छोटे भाग कॉम्प्रेसरला चिकटून असतात आणि काहीशे रुपयांत बदलतात. कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे काही हजारांचा खड्डा. मीटर लावून तपासल्याशिवाय ‘कॉम्प्रेसर गेला’ हे वाक्य मान्य करू नका.

फ्रीज चालू आहे, पण गार करत नाही. दाराचं रबर बघा. एक कागद दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटला तर रबर तिथं ढिलं आहे. पुष्कळदा त्यात नुसता चिकटा साचलेला असतो. कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की रबर परत चिकटतं. मग आतल्या बटणाकडं बघा. त्यावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा जितका मोठा, तितकी थंडी जास्त. गरम भाजीचं पातेलं आत ठेवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला हवेची भोकं असतात. त्यांच्यापुढं कोथिंबिरीच्या पिशव्या कोंबल्या, तर वर बर्फ आणि खाली भाजी कोमट, असं होतं.

बर्फाचा डोंगर साचतो. साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बोटाच्या अर्ध्या पेराएवढा बर्फ झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा फ्रीज बंद करून दार उघडं ठेवा. सुरी, उलथनं, स्क्रू-ड्रायव्हर लावून बर्फ खरवडू नका! त्या पातळ पत्र्यातच वायूच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की सगळा वायू जातो. ओझोनला मारक म्हणून जुना आर-12 वायू 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्या देशात 2010 पर्यंत बंद झाला. आता पुष्कळ फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातकुळीतला, पेट घेणारा. नळी फुटल्याची शंका आली तर शेगडी विझवा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंच बटण दाबू नका.

पाणी गळतं. आत मागच्या बाजूला खाली एक बारीक भोक असतं. तिथं भाजीचा कचरा अडकला की पाणी आत तुंबतं. कोमट पाणी सोडून ते मोकळं करा. हे पाणी मागं कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. तो ट्रे आठवड्यातून एकदा काढून घासा आणि कोरडा करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंगणातली पिंपं आपण कोरडी करतो आणि घरातला ट्रे विसरतो.

हात लावला की झिणझिण्या येतात. इथं आपली रेघ संपली. कोरडी चप्पल घालून मुख्य खटका बंद करा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग नसणं किंवा तीन पिनांतली जाड पिन कापून टाकणं, हे जिवावरचं काम आहे. पोरं अनवाणी, ओल्या हातांनी फ्रीज उघडतात, हे ध्यानात ठेवा.

‘गॅस भरावा लागेल’ असं मेकॅनिक म्हणाला तर काय करायचं? फ्रीजमधला वायू वापरून संपत नाही. नळ्या बंद असतात. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. म्हणून विचारा: गळती कुठं सापडली? ती बुजवली का? भरण्याआधी व्हॅक्यूम केलं का? फ्रीजच्या मागच्या पट्टीवर वायूचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. तोच वायू, तेवढाच भरला पाहिजे. पावतीवर हे सगळं लिहून घ्या. लाजू नका. पैसे आपले आहेत.

आणि फ्रीज खरंच बंद पडला, तर दार सारखं उघडू नका. बंद दारात साधारण चार तास गारवा टिकतो. त्यानंतर दूध तापवून घ्या, शिजवलेलं आणि मांस-मासे ठेवू नका. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. फ्रीज दुरुस्त होईपर्यंत बाटल्या शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवा. तेही जमलं नाही तर पिशवीत बांधून, सावलीतल्या ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

गोदरेजनं 1958 साली फ्रीज बनवायला सुरुवात केली, तेव्हा तो श्रीमंताघरची वस्तू होता. आज आपल्या रांजणगावात आणि पलीकडं शिरवळला फ्रीजचे कारखाने आहेत, आणि वस्तीवरच्या घरातही फ्रीज आहे. तो वापरतो आपण, पुसतो आपण. मग त्याची नाडी ओळखायलाही आपणच शिकायला पाहिजे. आज स्वयंपाक आवरला की एवढं एकच करा: तो मागचा ट्रे काढून बघा.