कुलूप नसलेली तक्रारवही

तक्रारवही बहुतेक कचेऱ्यांत असते, पण ती साहेबांच्या कपाटात. आणि आपण मागितली की नेमकी किल्ली सापडत नाही! आज मी ज्या वहीबद्दल बोलणार आहे, तिला कुलूपच नाही.

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये राहिलेल्या चुकीला ‘बग’ म्हणतात. ‘डेबियन’ ही १९९३ साली सुरू झालेली, जगभरातल्या स्वयंसेवकांनी उभी केलेली मुक्त संगणकप्रणाली. १९९७ साली या मंडळींनी एक सामाजिक करार स्वीकारला. आमच्या अडचणी आम्ही लपवणार नाही, असे त्यातले एक कलम आहे. म्हणूनच त्यांची बगची नोंदवही कोणालाही वाचता येते.

साधा ई-मेल पाठवला की तक्रारीला क्रमांक मिळतो. हे क्रमांक आता दहा लाखांपुढे गेले आहेत. पण नोंद झाली म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. एकच चूक दहा जण कळवतात. त्या नोंदी एकत्र जोडाव्या लागतात. मग गांभीर्य ठरवायचे. मजकुरातली शुद्धलेखनाची चूक किरकोळ. वापरणाऱ्याची साठवलेली माहिती नष्ट करणारी चूक फार गंभीर. अशी गंभीर चूक सुटली नाही, तर तो प्रोग्रॅम सहसा नव्या आवृत्तीतून वगळला जातो.

‘प्रिंटर चालत नाही’ एवढेच लिहिले, तर समोरचा काय करणार? कोणती आवृत्ती, आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे सांगावे लागते. नाहीतर नोंदीवर ‘अधिक माहिती हवी’ अशी खूण पडते. उत्तर देणारा बहुधा आपली नोकरी सांभाळून हे काम करत असतो. त्याला रागाचे चार शब्द ऐकवले, तर तो एक दिवस काम सोडून जातो. उलट, तक्रार वर्षानुवर्षे अनुत्तरित राहिली, तर कळवणाराही पुन्हा कळवत नाही. दोन्हीकडून नुकसान वहीचेच.

म्हणून जुन्या नोंदी चाळून ‘ही चूक अजून होते का’ हे तपासणारा माणूस मोलाचा. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावेच लागते असे नाही. डेबियन संगणकावर बसवताना मराठी भाषाही निवडता येते. तिथला एखादा शब्द खटकला, तर नुसते हळहळू नका. नीट लिहून कळवा. वही उघडीच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)