ऑर्डर वाढली आणि झाड तुटलं

 

सुट्टी लागली की पोरं मोबाइलवर कार्टून बघत बसतात. आज आम्ही अशाच एका कार्टून सिनेमाबद्दल बोलणार आहोत. नाव आहे ‘द लोरॅक्स’. सिनेमा अमेरिकेतला आणि मुलांसाठी केलेला. पण वस्तू बनवून विकणाऱ्या प्रत्येक गटाने बघावा, असं काहीतरी त्यात आहे.

आधी मूळ गोष्ट ऐका. डॉ. सूस या नावाने लिहिणारे थिओडोर गायझेल यांनी १९७१ मध्ये हे पुस्तक काढलं. चित्रंही त्यांचीच. वन्सलर नावाचा एक माणूस सुंदर रानात येतो. तिथे ट्रफुला नावाची झाडं असतात, त्यांच्या शेंड्याला रेशमासारखे मऊ गोंडे. तो लगेच एक झाड तोडतो आणि गोंड्यापासून ‘थ्नीड’ नावाची वस्तू विणतो. अंगात घाला, डोक्यावर घाला, नाहीतर अंथरा, कशालाही चालते. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून लोरॅक्स बाहेर येतो. बुटका, भल्या मोठ्या मिशांचा. झाडांची बाजू मांडणं हे त्याचं काम. वन्सलर त्याचं ऐकत नाही. कारखाना उभा राहतो, एका घावात चार झाडं पाडणारं यंत्र येतं. फळं संपतात म्हणून प्राणी उपाशी निघून जातात. धुराने पाखरं जातात, घाण पाण्याने मासे जातात. शेवटचं झाड पडतं आणि कारखानाही बंद पडतो. पुढे म्हातारा झालेला वन्सलर ही हकीकत एका मुलाला सांगतो आणि शेवटचं उरलेलं बी त्याच्या हातात देतो. पुस्तक तिथेच संपतं. बी रुजलं की नाही, ते लिहिलेलं नाही.

पुस्तक मोठ्याने वाचायला पाव तास पुरतो. १९७२ मध्ये त्याचं टीव्हीसाठी अर्ध्या तासाचं कार्टून झालं. २०१२ मध्ये इल्युमिनेशन कंपनीने जवळजवळ दीड तासाचा सिनेमा केला. पाव तासाच्या गोष्टीचा दीड तास करायचा आणि घरातल्या लहानथोरांना एकत्र बसवायचं, म्हणजे भर घालणं आलंच. गाणी आली, विनोद आले, पाठलाग आला. पुस्तकातल्या मुलाला नाव नव्हतं, सिनेमात तो टेड झाला. त्याच्या गावात झाडं प्लॅस्टिकची आणि हवासुद्धा विकतची. ती विकणारा ओ’हेअर नावाचा शेठ. टेडला आवडणाऱ्या ऑड्रीला मात्र खरं झाड बघायचं असतं.

या भरीतल्या दोन गोष्टी आम्हाला मोलाच्या वाटल्या. पहिली म्हणजे टेडची आजी. झाडं असतानाचे दिवस तिला आठवतात आणि वन्सलरचा पत्ता तीच नातवाला सांगते. पुस्तकात ही आजी नाही. आपल्याकडेही ओढ्याकाठी कोणती झाडं होती, कोणती रानभाजी कोणत्या पावसानंतर निघायची, हे आजीलाच विचारावं लागतं ना?

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पुस्तकात वन्सलर पहिलं झाड तोडल्यावर थांबतच नाही. सिनेमात तो लोरॅक्सला शब्द देतो की यापुढे झाड तोडणार नाही, फक्त गोंडे काढीन. काही दिवस तसं चालतंही. मग थ्नीडला मागणी येते. घरची माणसं मदतीला येतात. गोंडे एकेक करून काढण्यात वेळ फार जातो, तेव्हा त्याची आईच सुचवते की झाडं तोड, काम पटापट होईल. आणि शब्द मोडतो.

मैत्रिणींनो, ही जागा नीट बघा. या माणसाला रानाचा राग नव्हता. ऑर्डर वाढली, वेळ कमी पडला आणि घरच्यांनी घाई केली. डिंक, मध, बांबू, पत्रावळी यांचं काम करणाऱ्या गटांना ही वेळ नवी नाही. बांबूच्या बेटातले कोवळे कोंब राखून पक्के बांबू काढले, तर बेट वर्षानुवर्षं देतं. सरसकट तोडलं तर बेट खचतं. मधाचं पोळं काढताना अळ्यांचा भाग ठेवून फक्त मधाचा भाग कापता येतो. डिंकासाठी सालीवर खोल आणि फार घाव घातले तर झाड वाळतं. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. प्रश्न येतो तो व्यापारी दुप्पट माल मागतो त्या दिवशी.

वन्सलर एकटाच ठरवतो, लोरॅक्स एकटाच ओरडतो. गोष्टीतल्या त्या रानाला ग्रामसभा नाही! आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने स्वतः बांबू विकला. तिथे जंगलाचं काय करायचं, हे सगळं गाव बसून ठरवतं. एकट्याने दिलेला शब्द मोडणं सोपं असतं, चारचौघींनी ठरावात लिहिलेला मोडायला जड जातो.

सिनेमातल्या दोन गोष्टी मात्र आम्हाला खटकल्या. पुस्तकात वन्सलरचं तोंड दिसतच नाही, फक्त हात दिसतात. म्हणजे तो कुणीही असू शकतो, आपणसुद्धा. सिनेमात त्याला देखणा चेहरा मिळाला आणि सगळा राग हवा विकणाऱ्या शेठवर गेला. वस्तू विकत घेणारे सहज सुटले. शिवाय शेवटी बी रुजतं, झाडं परत येतात, सगळे गातात. पोरं खूश होतात, पण पुस्तकाने हातात दिलेलं बी सिनेमाने परत घेतलं, असं आम्हाला वाटलं.

आणखी एक गंमत. नको त्या वस्तूंच्या हव्यासाची ही गोष्ट, आणि सिनेमा आला तेव्हा माझ्दा कंपनीच्या मोटारीच्या जाहिरातीत लोरॅक्स झळकला! तिकडे टीकाही झाली. पण मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइन गावच्या चौथीच्या मुलांनी वेगळंच काम केलं. सिनेमाच्या प्रसिद्धीत झाडं वाचवण्याबद्दल काहीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कंपनीला अर्ज केला आणि त्यावर ५७ हजारांहून जास्त सह्या जमल्या. कंपनीला ती माहिती घालावी लागली. चौथीची पोरं, बरं का!

म्हणून आमचं सांगणं एवढंच. हा सिनेमा मुलांना जरूर दाखवा, पण त्यांच्याबरोबर बसा. लोरॅक्सला दिलेला शब्द मोडतो तिथे थांबवा आणि विचारा, “आता या वन्सलरने काय करायला हवं होतं?” मुलं काय सांगतात ते ऐका. आजीलाही बोलतं करा.

आणि पुढच्या मासिक बैठकीत हाच प्रश्न गटाला विचारा. आपण रानातून, शेतातून, ओढ्यातून जे आणतो, त्यातलं किती मागे ठेवायचं? मोठी ऑर्डर आली तर कुठे थांबायचं? जे ठरेल ते ठराववहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. ऑर्डर यायच्या आधी लिहा. ऑर्डर आल्यावर वही उघडायला कुणाला सवड नसते.