मुंबईची क्रूझ गोव्यालाच का जाते?

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं वेळापत्रक पाहिलं, की गोवा, कोची, लक्षद्वीप हीच नावं फिरून फिरून येतात. मुख्य कारण अंतराचं. अशी जहाजं ताशी साधारण 16 ते 18 सागरी मैल कापतात. गोवा सुमारे 230 मैलांवर. संध्याकाळी निघालं की सकाळी मुरगाव बंदर. शनिवार-रविवारच्या सुट्टीत एवढंच बसतं. मस्कतला जायचं तर दोन दिवस नुसतं पाणीच पाणी.

मग रत्नागिरी, मालवण का नाही? खरं दुखणं इथे आहे. शेकडो प्रवाशांचं जहाज लागायला खोल पाणी आणि लांब धक्का हवा, शिवाय एवढ्या माणसांना दिवसभरात फिरवून आणणाऱ्या बसगाड्या हव्यात. धक्का नसेल तर जहाज बाहेरच नांगरतं आणि छोट्या बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपच्या अगत्तीला असंच होतं, आणि समुद्र खवळला तर उतरणंच रद्द. गोव्याच्या वाटेवर विजयदुर्ग, सिंधुदुर्ग लागतात, पण रात्रीच्या अंधारात मागे पडतात, याची फार हळहळ वाटते. त्यात जून ते सप्टेंबर अरबी समुद्र उधाणलेला. त्यामुळे नवा मार्ग आजमावून पाहायला कंपन्यांच्या हाती वर्षाचे जेमतेम आठ महिने उरतात.