केळ्यांचा समुद्रप्रवास

श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. धुळ्याला आमच्या घरी रावेरहून थोरले बंधू आले. येताना बागेतली केळी घेऊन आले. उन्हाचा ताव पाहून मी ती मोठ्या काळजीने फ्रीजमध्ये ठेवली. दोन दिवसांनी पाहतो, तर साली काळ्याकुट्ट! आतला गर बरा होता, पण पाहुण्यांपुढे ठेवण्याची सोय राहिली नाही. आमचे कुटुंब म्हणाले, "केळीवाल्यांच्या घरात जन्मलात, आणि एवढं ठाऊक नाही?" मी इतिहास शिकवतो, शेती नव्हे, असे म्हणून वेळ मारून नेली. पण एक प्रश्न मनात राहिलाच. थंडीने घरातले केळे दोन दिवसांत काळे पडते, मग तेच केळे थंड पेटीत बसून समुद्रापार हिरवेगार कसे पोहोचते? आजचे चार शब्द त्याविषयी.

घड झाडावरून उतरला की फळ मेले, असे आपण समजतो. तसे नाही. कापलेले केळे जिवंत असते. ते श्वास घेते, कर्बवायू सोडते आणि स्वतःची ऊबही तयार करते. पिकू लागले की इथिलीन नावाचा वायू सोडते, आणि तो वायू शेजारच्या फळांनाही पिकायला लावतो. वर्गात एकाने जांभई दिली की बाकावरचे सगळे जांभया देऊ लागतात, त्यातलाच प्रकार. हे सारे लांबवायचे तर फळाला झोपवावे लागते, आणि ते काम गारवा करतो.

पण केळ पडली उष्ण मुलखातली. १३ ते १४ अंश सेल्सिअस हा तिच्या फळाच्या झोपेचा गारवा. त्याखाली बराच काळ राहिले तर साल काळवंडते आणि पुढे फळ नीट पिकतही नाही. माझ्या फ्रीजमध्ये चार-पाच अंश असणार, म्हणजे मी त्याला पुसाच्या रात्री उघड्यावर निजवले म्हणायचे! नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास सुखाने प्रवास करतात. मटार, मासळी, मांस यांची तऱ्हा आणखी निराळी. ती गोठवून उणे १८ अंशांवर नेतात. गोठलेला माल गोठलेला राहिला की झाले. जिवंत फळाला मात्र एकेका अंशाचा हिशेब द्यावा लागतो.

म्हणून हा प्रवास बंदरावर सुरू होत नाही, बागेत सुरू होतो. घड पुरता पिकण्याआधी, साधारण तीन-चतुर्थांश भरला असता कापतात. तो जमिनीवर आपटायचा नाही, घासायचा नाही. फण्या सोडवून, चीक धुऊन, तेरा-साडेतेरा किलोच्या भोके पाडलेल्या खोक्यांत भरतात. मग ती खोकी शीतगृहात ठेवून आधीच गार करतात. ही पायरी फार मोलाची. शीतपेटी म्हणजे रीफर कंटेनर हा गार माल गार ठेवण्यासाठी असतो. मे महिन्यातली जळगावची केळी तापलेली तशीच आत कोंबली, तर आतपर्यंत गारवा पोचायला दिवसांवर दिवस जातात, आणि तोवर फळ जागे होऊन बसते. चाळीस फुटी पेटीत सुमारे वीस टन माल मावतो. गार हवा खालच्या जमिनीतल्या पन्हळींतून येते आणि खोक्यांच्या भोकांतून वर चढते. भोकासमोर भोक आले नाही, की वाट बुजलीच.

या हवेच्या वाटेची एक जुनी गोष्ट सांगतो. १८८२ च्या फेब्रुवारीत 'डनेडिन' नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून लंडनला निघाले. त्यात यंत्राने गोठवलेली सुमारे पाच हजार मेंढरे होती. उष्ण कटिबंधात आल्यावर कप्तान व्हिटसन यांच्या ध्यानात आले, की गार हवा तळघरात नीट खेळत नाही. ते स्वतः हवेच्या नळीत सरपटत शिरले, नवी छिद्रे पाडली, आणि तिथेच गारठून निपचित पडले. खलाशांनी दोर बांधून त्यांना बाहेर ओढले. अठ्ठ्याण्णव दिवसांनी जहाज लंडनला लागले. एवढ्या मालातले एकच मेंढरू टाकून द्यावे लागले म्हणतात. न्यूझीलंडचे नशीब त्या सफरीने पालटले.

आता आपल्याकडचे पाहा. रात्री मुंबई-आग्रा रस्त्याकडेला उभे राहा. घरघर करीत जाणाऱ्या पांढऱ्या पेट्या दिसतील. रावेर-यावलकडची केळी मालेगाव, नाशिक करीत न्हावाशेवाला चाललेली असतात. १९८९ साली सुरू झालेले ते बंदर रावेर-यावलपासून चारशेहून अधिक किलोमीटर. तिथून आखातात थोड्या दिवसांत पोचता येते, युरोपला मात्र तीन-चार आठवडे. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची तशी बावीस टन केळी दुबईला गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून एक कंटेनर प्रयोगादाखल समुद्रमार्गे नेदरलँड्सला रवाना झाला. पुढे त्याच वर्षाअखेर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि युरोपची वाट दीड-दोन आठवड्यांनी लांबली. नाशवंत मालाला तेवढे दिवस म्हणजे आयुष्यच. जगात सर्वांत जास्त केळी आपण पिकवतो, वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक. पण परदेशी धाडण्यात पहिला नंबर दूरच्या इक्वेडोरचा.

आमच्या बंधूंनीही एकदा गावातल्या तिघा-चौघांबरोबर माल आखातात पाठवला. माल पोहोचल्यावर हिशेब व्हायचा होता. पेटी उघडली, तर दाराजवळची खोकी पिवळी झालेली! तिकडून छायाचित्रे आली आणि पाठोपाठ कापलेली रक्कम. बाग लावायला घेतलेले सोसायटीचे कर्ज त्या वर्षी तसेच राहिले. वाटेत कुणी डिझेल वाचवायला यंत्र बंद ठेवले, की बंदरावर पेटी विजेविना उभी राहिली, की आमच्याच शीतगृहात माल पुरता गार झाला नव्हता? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. बंधू मला म्हणाले, "मास्तर, फळ झोपलं होतं, कुणीतरी उठवलं. कोणी उठवलं तेवढं सांग."

मला सांगता आले नाही. पुढे चौकशी करता कळले, की पेटीच्या यंत्रात तपमानाची नोंद आपोआप होत असते. शिवाय खोक्यांत ठेवायचा लहानसा नोंदक मिळतो, माल भरताना तो चालू करायचा. पण ही नोंद मागायची असते, हेच आम्हांला ठाऊक नव्हते. इतिहासाच्या वर्गात 'पुरावा काय?' असे रोज विचारणारा मी, घरच्या मालाचा पुरावा मागायला विसरलो!

तेव्हा शेतकरी बंधूंनो, करार करताना तीन गोष्टी विचारा. माल भरण्यापूर्वी फळाच्या आत सळई घालून तपमान मोजणार का? नोंदक कुठे ठेवणार? आणि नोंदीची प्रत आम्हांला देणार का? हे विचारायला इंग्रजी यावे लागत नाही. बंधू आता विचारतात. पुढच्या खेपेला नोंदीचा कागद आला, आणि त्यावरची रेघ बागेपासून बंदरापर्यंत जवळजवळ सरळ होती. पैसे पुरे मिळाले. तो कागद त्यांनी सात-बाराच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवला आहे.