चाळिशीनंतरचे स्नायू
चाळिशी उलटली की आपण साखर तपासतो, रक्तदाब मोजतो. स्नायूंची चौकशी मात्र कुणी करत नाही. खरं तर तिशीनंतरच ते हळूहळू घटू लागतात. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर हेच स्नायू शोषून घेतात. ते रोडावले की साखरही ऐकेनाशी होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय २ दिवस स्नायूंना ताण देणारा. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो! त्यासाठी जिमच हवी असं नाही. बैठका काढा, जिने चढा. गुडघे कुरकुरत असतील तर हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा. स्नायूंना प्रथिनं मिळावीत म्हणून ताटात मटकीची उसळ, पिठलं, अंडं असू द्या. आणि रात्री जेवल्यावर टीव्हीसमोर बसण्याआधी १० मिनिटं शतपावली घाला.